चुन्याच्या फुल्या

गंधारने मचवा ट्रकवर घालून तुडीलहून महाडला आणला, त्या दिवशी गोदावरीबाईंना जेवण गेलं नाही. ताट तसंच सारून त्या मागच्या पडवीत येऊन बसल्या. तिथून गिरणीचं आवार दिसायचं. भाताची गिरणी बंद पडून पंधरा वर्षं झाली होती, आवार मात्र होतं तेवढंच राहिलं होतं. त्या आवारात चार ओंडक्यांवर तो मचवा टेकवून ठेवला होता. लहानसाच, सोळा-सतरा हातांचा, एका शिडाचा.

"आई, जवळ येऊन बघ ना!" गंधार खालून ओरडला. बेचाळीस वर्षांचा माणूस, एमआयडीसीतल्या कारखान्यात बऱ्या हुद्द्यावर. पण आत्ता मचव्याच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हात ठेवून तो आठ वर्षांचा असल्यासारखा हसत होता.

"दिसतोय मला इथून," त्या म्हणाल्या.

दिसत होता खरा. कधीकाळचं पोपटी अंग आता पावसाने शेवाळलेल्या गडग्यासारखं झालं होतं. वरच्या काठाचा पिवळा पट्टा हाताच्या तळव्याएवढा इथे, वीतभर तिथे, असा उरला होता. पाण्याखाली बुडणाऱ्या भागावर लाल होता, तो विटकरी होऊन पापुद्र्यांनी सुटत होता. हे तिन्ही रंग गोदावरीबाईंनी स्वतः निवडले होते. एकोणीसशे सहासष्ट सालच्या मे महिन्यात.

संध्याकाळी चहा पिताना गंधारने बेत सांगितला. सगळा जुना रंग खरवडायचा, फटी भरायच्या, पुन्हा तेच तीन रंग द्यायचे, आणि उन्हाळ्याच्या शेवटी एखाद्या उधाणाच्या भरतीला मचवा सावित्रीत सोडून खाडीच्या तोंडापर्यंत एक फेरी मारायची. "आणि आई, सगळ्यात भारी म्हणजे काम करायला कोण तयार झालंय सांगू? गोमाजी तांडेल! पंचाहत्तरी उलटलीय, पण हात अजून स्थिर आहेत. मी तुडीलला त्यांच्या घरी गेलो होतो."

गोदावरीबाईंनी कप खाली ठेवला. "त्यांना कशाला त्रास? दुसरा सुतार मिळेल की."

"त्रास? अगं, ते म्हणाले, 'ह्या मचव्याचं काम माज्याच हातनं नासलं, तर माज्याच हातनं नीट होऊ दे. मेल्यावर प्रयागला तोंड दाखवायचा हाय.'"

प्रयागबाई ही गोमाजीची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली होती.

गोदावरीबाई उठून देवापाशी दिवा लावायला गेल्या. काडी तीनदा विझली.

महाडच्या बंदराला तेव्हा काही अर्थ होता. भरतीचं पाणी चढायचं आणि त्याच्यासोबत मीठ, कौलं, सुकी मासळी घेऊन मचवे चढायचे. ओहोटीला तांदूळ घेऊन उतरायचे. गोदावरीबाईंच्या यजमानांची, श्रीधरपंतांची, गिरणी होती, गिरणीपाठोपाठ हा मचवा आला, आणि मचव्यापाठोपाठ गोमाजी. तुडीलच्या भोईवाडीतला. नदीच्या पोटात कुठे गाळ सरकलाय हे त्याला घरात बसून कळायचं. बाकीचे मचवे तेल-डांबराने काळेशार असायचे. ह्या एकाला रंग द्यायची हौस गोदावरीबाईंची. गोमाजी हसायचा. "वैनी, ह्याला हळद लावा आन् मुंडावळ्या बांधा, म्हंजे झाला! नवरी बगायला मी जातो बाणकोटला."

सहासष्ट सालीच धाकट्या नणंदेचं, आनंदीचं लग्न ठरलं. स्थळ खाडीच्या तोंडापाशी, लग्न त्यांच्याच दारी. तिकडे धड रस्ता नव्हता. वऱ्हाड आणि रुखवत मचव्यातून न्यायचं ठरलं. मचवा किनाऱ्यावर ओढून गोमाजीने काम काढलं.

त्याची एक रीत होती. दोन फळ्यांमधला जुना काथ्या उकरून काढायचा, फट उघडी ठेवून लाकूड आतपर्यंत सुकू द्यायचं, मग तेलात भिजवलेला काथ्या बोथट छिन्नीने ठासायचा आणि वरून राळ ओतायची. जी फट भरायची राहिली असेल तिच्या दोन्ही टोकांना तो चुन्याची फुली काढायचा. फुली असेपर्यंत तिथे रंगाचा हात फिरवायचा नाही. फट भरली की फुली तो स्वतः पुसायचा. दुसऱ्या कुणाला पुसू द्यायचा नाही, अगदी श्रीधरपंतांनाही.

एकच फट उरली होती, तेव्हा पोलादपुराकडून माणूस आला. प्रयागबाईची आई उमरठला वारली होती. गोमाजी हात धुऊन तसाच निघाला. जाताना मागच्या दारी आला. गोदावरीबाई रुखवताच्या करंज्या मोजून डब्यात भरत होत्या.

"वैनी, डाव्या कुशीला, डोलकाठीच्या खाली, एक फट ऱ्हायलीय. फुल्या हायत. मी आल्याबिगर तेवढ्याला हात लावू देऊ नका."

"हो, हो. या तुम्ही जाऊन," त्या म्हणाल्या. आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.

दिवस थोडे राहिले. गोमाजी तेरावा उरकूनच येणार होता. घराच्या दाराखिडक्या रंगवायला गावातला रामा पेंटर आला होता. चांगला कारागीर, दुकानाच्या पाट्या लिहायचा, देवळाचे खांब रंगवायचा. होडीला त्याने जन्मात हात लावला नव्हता. गोदावरीबाई त्याला म्हणाल्या, "दारं झाली की मचवाही घे रंगवायला. वऱ्हाड निघेपर्यंत वाळला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्या काम बघायला बंदरावर गेल्या. रामाने विचारलं, "वैनीबाई, ह्या चुन्याच्या फुल्या कसल्या हो?"

तेव्हा गोमाजीचं बोलणं आठवलं होतं की नव्हतं? अडतीस वर्षं त्यांनी स्वतःला हा प्रश्न घातला होता, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच यायचं. आठवलं होतं. अगदी शब्दाला शब्द नाही, पण आठवलं होतं. डोळ्यांसमोर मात्र तो चकचकीत पोपटी रंग होता आणि त्याच्या मधोमध दोन पांढरे गचाळ फराटे.

"पूस त्या," त्या म्हणाल्या. "आणि फट आहे ती भरून घे."

"लांबी भरतो की. दाराला भरतो तश्शी."

खडूची भुकटी अळशीच्या तेलात मळून रामाने ती फटीत भरली, पत्र्याने गुळगुळीत केली, वरून रंगाचे दोन हात दिले. फट कुठे होती ते दाखवून दिलं असतं तरी सापडलं नसतं.

वऱ्हाड निघायच्या आदल्या संध्याकाळी गोमाजी आला. डोकं भादरलेलं, डोळे खोल गेलेले. मचव्याच्या अंगावरून दोनदा हात फिरवत गेला आणि मग ओटीपाशी येऊन उभा राहिला. ओटी पाहुण्यांनी भरली होती.

"वैनी, डाव्या कुशीला फुल्या व्हत्या ना? का मीच भरून गेलो ती फट?"

खरं सांगितलं असतं तर त्याने तिथल्या तिथे रंग खरवडला असता. फट उकरली असती, लाकूड दोन दिवस उन्हात ठेवलं असतं. मुहूर्त टळला असता, सासूबाई सगळ्यांदेखत बोलल्या असत्या, श्रीधरपंत भडकले असते. हे सगळं गोदावरीबाईंच्या मनात पापणी लवायच्या आत येऊन गेलं. शिवाय फट भरली तर होतीच. कुणी का भरेना.

"कसल्या फुल्या?" त्या म्हणाल्या. "मी नाही बाई पाहिल्या."

गोमाजीने आपल्या हातांकडे पाहिलं. "मंग भरली आसंल मीच," असं पुटपुटत गेला.

रात्रभर मचवा पाण्यात राहिला, थेंबही आत आला नाही. सकाळी वीस माणसं, नवरी, रुखवत चढलं. तुडीलच्या अलीकडे वारा बरा लागला, शीड फुगलं, मचवा डाव्या कुशीवर कलून ती फट पाण्याखाली गेली, आणि करंज्यांच्या डब्याखालून पाणी आलं. आधी चमचाभर. मग घागरीने ओतावं तसं. बायकांची रडारड सुरू झाली. गोमाजीने सुकाणू वळवून मचवा सरळ चिखलात घातला, म्हणून माणसं वाचली. आनंदी शालूसकट कमरेएवढ्या चिखलात उभी. रुखवत वाहून गेलं. मुहूर्त गेला. वरपक्षाने अपशकुन धरला आणि पुढे कितीतरी वर्षं तो तिला ऐकवला.

तुडीलची सगळी वाडी काठावर जमली होती. श्रीधरपंत चिखलातून चालत गोमाजीपाशी गेले आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. "सासूच्या तेराव्याची उतरली नाही का रे अजून?"

गोमाजीने वर पाहिलंही नाही. "चुकी झाली, शेट," एवढंच म्हणाला.

गोदावरीबाई दहा हातांवर उभ्या होत्या, गंधारला कडेवर घेऊन. चिखलात तोल जाऊ नये म्हणून त्यांनी मचव्याला हात टेकला होता. हात उचलला तर बोटांना पांढरा लगदा लागलेला. तो त्यांनी पदराला पुसला.

त्या दिवसापासून वाडीत गोमाजीचं नाव भोक्या पडलं. भोक्या तांडेल. त्याला पुन्हा कुणी मचव्यावर घेतलं नाही. कशेडीच्या घाटात दरड कोसळली की रस्ता मोकळा करायला माणसं लागायची, तिथे त्याने घमेली उचलली. श्रीधरपंतांनीही मचवा पुन्हा चालवला नाही. तुडीलला कुणाला तरी वापरायला देऊन टाकला. नंतर ट्रक आले, बंदर संपलं. रामा पेंटर गेला, श्रीधरपंत गेले. फुल्यांची गोष्ट जाणणारं माणूस जगात एकच उरलं.

सोमवारी सकाळी आवाराच्या फाटकाशी मिनीडोर थांबली. गोमाजीचा मुलगा पांडू तिच्यातून महाड-तुडील प्रवासी वाहतूक करायचा. त्याने बापाला हात धरून उतरवलं.

"राम राम, वैनी," गोमाजी म्हणाला. "वळखलंत का?"

"ओळखते की. या."

"म्हातारा झालो. तुमी बी झालात म्हना." तो हसला. वरचे दात गेले होते. मग मचव्याकडे वळला आणि त्याचं हसू गेलं. चप्पल फाटकाशीच काढून तो पुढे झाला, नाळेला हात लावून त्याने तो कपाळाला लावला.

पांडू मिनीडोर वळवत होता, तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय रे भोक्याच्या, आज तुडीलला लवकर जानार का?" पांडूने मान हलवली. त्याला त्या हाकेचं काही वाटेनासं झालं होतं. बापाच्या वेळचं नाव मुलाच्या गाडीला चिकटलं होतं.

काम सुरू झालं. गोमाजी उकिडवा बसून पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडायचा. एक वीत झाली की फडक्याने पुसायचा, लाकूड हुंगून बघायचा, पुढे सरकायचा. नाळेपासून सुरुवात केली होती, उजवी कूस आधी. गोदावरीबाई पडवीत बसून तांदूळ निवडायच्या आणि तो किती पुढे आला ते बघायच्या. उजवी बाजू आठ दिवसांत संपली. मग तो डावीकडे आला.

त्यांना झोप लागेना. त्या मनाशी ठरवायच्या, आज सांगू. अकराला चहा घेऊन खाली जायच्या. गोमाजी चहा बशीत ओतायचा, फुंकर घालायचा, आणि मागच्या गोष्टी काढायचा.

"वैनी, तुमास्नी आठवतं? एकदा भरतीला एवढी मोठी सुसर आलती बंदरावर, आन् शेट धोतर सावरत पळाले व्हते?"

"आठवतं तर. मारुतीच्या देवळापर्यंत पळाले होते."

"आन् मंग म्हनाले, मी तर दर्शनाला आलतो!"

दोघं हसायची. आणि हसून झाल्यावर त्यांच्या तोंडून ते निघायचं नाही. त्या कप विसळून घेऊन यायच्या.

एकदा त्या म्हणाल्या, "गोमाजी, तुम्हाला राग नाही येत ह्या मचव्याचा?"

"मचव्याचा कशाला? त्याने काय केलं?" तो म्हणाला. "राग माजा मलाच. येवढी वर्सं आठवून ऱ्हायलो, पन आठवत नाय. फट भरली व्हती का नव्हती. फुली केली व्हती का नव्हती. कधी वाटतं केली. कधी वाटतं सासूच्या दुःखात नुसती मनात आनली आन् गेलो निघून. मानसाला आपल्या हाताची खात्री नसली, वैनी, तर त्याने कुटलं काम करावं? म्हनून मी बी कुनाला म्हटलं नाय मचव्यावर घे म्हनून."

गोदावरीबाईंनी कप खाली ठेवला. त्या सांगायला लागणार, तेवढ्यात गंधारची मोटरसायकल फाटकातून आत आली.

डोलकाठीच्या खालची जागा यायला तीन दिवस लागले. गोदावरीबाईंना वाटायचं, लाकूड बोलेल. फटीत कुठेतरी रामाच्या लांबीचा तुकडा दगडासारखा अडकून बसला असेल. गोमाजी तो नखाने काढेल, बोटांत चुरून बघेल, आणि त्याला काही विचारावं लागणार नाही. त्या त्या क्षणाला भीत होत्या आणि, खरं सांगायचं तर, त्याचीच वाट बघत होत्या. स्वतःच्या तोंडाने सांगण्यापेक्षा ते सोपं पडलं असतं.

त्या दिवशी त्या सकाळपासून खालीच येऊन बसल्या. गोमाजीने शेवटचा पापुद्रा काढला. फडकं फिरवलं. मग वाकून वास घेतला आणि नखाने लाकूड दाबून पाहिलं.

"ही फळी सागाची नाय," तो म्हणाला. "ऐनाची हाय. कुनीतरी बदललीय. तुडीलला वाळूसाठी नेत व्हते मधी, तवा बसवली आसंल." तो मागे रेलून बसला. जुन्या फळीचं नामोनिशाण नव्हतं. "बरं झालं. माज्या हलगर्जीपनाची फळी गेली येकदाची. आता बगायला नको."

गोदावरीबाईंनी ती फळी बघितली. स्वच्छ, सरळ, पिवळसर लाकूड. आता जगात काहीही उरलं नव्हतं. आपण आत जाऊन तांदूळ निवडत बसलो तरी कुणाला कधी काही कळणार नव्हतं. मेल्यावरही नाही. त्यांच्या छातीत काहीतरी मोकळं झालं, आणि ते मोकळं झालेलं त्यांना कळलं, आणि त्याचीच त्यांना अशी शिसारी आली की त्या दगडावरून उठून उभ्या राहिल्या.

"गोमाजी, हलगर्जीपणा तुमचा नव्हता."

"आं?"

"फुल्या होत्या. दोन. मला सांगून गेला होतात तुम्ही. मी रामा पेंटरला पुसायला लावल्या. त्याने दाराची लांबी भरली. तुम्ही येऊन विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

गोमाजीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. 

"म्हंजे फुल्या मी केल्या व्हत्या."

"केल्या होत्यात."

"आन् तुमास्नी सांगून गेलतो."

"मागच्या दारी येऊन. मी करंज्या मोजत होते."

"करंज्या," गोमाजी म्हणाला. मग हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखा, "प्रयाग म्हनायची. जल्मभर म्हनायची, तुमी बिनफुलीची फट टाकून यायचे नाय, त्या बाईला नीट इचारा. मी तिच्यावर खेकसायचो. म्हनायचो, तुला काय अक्कल हाय? वैनी खोटा कशाला बोलतील?"

गोदावरीबाईंनी हात जोडले. गोमाजीने त्या हातांकडे पाहिलं नाही. त्याने छिन्नी, हातोडी, पत्रा फडक्यात गुंडाळलं, फाटकाशी जाऊन चपला घातल्या आणि भर उन्हात एसटी स्टँडच्या रस्त्याला लागला. पांडूची गाडी यायला अजून पाच तास होते.

चार दिवस काम बंद. गंधारला सगळं सांगावं लागलं. तो चिडला. "बाबांनी त्यांना मारलं ते मला आठवतं आई. तुझ्या कडेवरून बघितलंय मी. पण आता माफी मागितलीस ना? संपलं."

पाचव्या दिवशी पांडू आला. फाटकाच्या आत आला नाही. "बा म्हनतो, मला येकट्याला सांगून भागायचा नाय. मला मारला तो वाडीसमोर मारला. वाडीत येऊन सांगा. रयवारी मानसं घरी आसतात."

"काही गरज नाही," गंधार म्हणाला. "आई, बाबांचं नाव निघेल तिथे. ते उत्तर द्यायला नाहीत आता."

"त्यांनी मारलं ते माझ्या खोट्यावर मारलं," गोदावरीबाई म्हणाल्या. "पांडू, रविवारी किती वाजता येशील?"

भोईवाडीच्या समाजमंदिरापुढे दहा-पंधरा माणसं जमली होती. बरीचशी तरुण, त्यांना सहासष्ट साल म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. आतल्या घरात टीव्हीवर मॅच चालू होती, अधूनमधून आरडाओरडा ऐकू यायचा. गोमाजी पायरीवर बसला होता, धुतलेला सदरा घालून. शेजारी काठी टेकून एक वाळकुडा म्हातारा, हिराजी. गोमाजीच्याच वयाचा. भोक्या हे नाव पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघालं होतं.

खुर्ची ठेवली होती, पण गोदावरीबाई उभ्याच राहिल्या.  त्यांनी सगळं सांगितलं. फुल्या, रामा, लांबी, ओटीवरचं ते एक वाक्य. पदराला पुसलेला लगदाही सांगितला, तो गंधारलाही सांगितला नव्हता.

मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग तवाच का नाय बोललात गो बाय?"

"भ्याले," गोदावरीबाई म्हणाल्या.

"कुनाला?"

"सासूला. नवऱ्याला. मग तुम्हाला सगळ्यांना." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मग सवय झाली."

एक पोरगा फिसकन हसला. बाजूच्याने त्याला कोपर मारलं. हिराजी इकडेतिकडे बघत होता. त्याने गोमाजीला ढोसलं. "काय म्हनते रे ती?"

"त्याला ऐकू येत नाय," गोमाजी म्हणाला. त्या दिवसानंतर गोदावरीबाईंशी तो पहिल्यांदाच बोलत होता. "त्याला परत सांगा. मोठ्यानं."

त्या हिराजीच्या कानाशी वाकल्या. "मचवा माझ्यामुळे बुडाला!"

"कोन बुडाला?"

"मचवा! गोमाजींची चूक नव्हती!"

"चूक? तर! ह्याचीच चूक. ह्यो भोक्या!" हिराजीने काठीने गोमाजीच्या गुडघ्याला टोचलं. आता तर पोरं उघडच हसायला लागली. टीव्ही सोडून आतली बायकामाणसंही दारात आली. गोदावरीबाईंनी श्वास घेतला आणि सहासष्टाव्या वर्षी, आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून त्या ओरडल्या, "नाही! त्यांनी खूण केली होती! मी पुसायला लावली! मी खोटं बोलले! चूक माझी!"

हसणं थांबलं. नदीपलीकडे कुत्रं भुंकायला लागलं.

हिराजीच्या तोंडाचं बोळकं उघडं राहिलं. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग गोमाजीकडे पाहिलं. बराच वेळ हिशेब केल्यासारखं करून म्हणाला, "मंग आता तुला काय म्हनायचा?"

"गोमाजी म्हन," गोमाजी म्हणाला. त्याचा आवाज फाटला. त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि पुसतच राहिला.

पांडूच्या बायकोने चहा आणला. गोदावरीबाईंनी तो घेतला. नको म्हणायची हिंमत नव्हती. त्या निघाल्या तेव्हा गोमाजी उठला नाही. तोंड नदीकडेच ठेवून म्हणाला, "सोमवारी येतो कामाला." त्यांनी मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

परतीला मिनीडोरमध्ये त्या एकट्याच होत्या. घसा बसला होता.  दासगाव गेलं, महाड आलं, गाडी गिरणीच्या फाटकाशी थांबली. त्या उतरल्या. पांडूने इंजिन बंद केलं नाही.

"काकू," तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "माजी आय शेवटच्या दुखन्यात तीन महिने महाडच्या दवाखान्यात व्हती. तुमच्या घरापासून चालत धा मिनटं. तुमी येकदा बगायला आलतात. केळी आनली व्हतीत."

"हो," गोदावरीबाई म्हणाल्या. 

"तवा सांगायला पायजे व्हतंत."

त्याने गाडी वळवली आणि गेला. त्या फाटकाची कडी धरून उभ्या होत्या. प्रयागबाईच्या खाटेशी आपण कितीतरी वेळ बसलो होतो, हे त्यांना नीट आठवत होतं. तिने त्यांचा हात हातात घेतला होता, आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं. त्यांनी घाईने केळं सोलून तिच्यापुढे धरलं होतं.